एकोची पेटी आणि तिची दुखणी

गावातल्या मंडपात माईक सुरू झाला की आधी "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" ऐकू येतं. मग साउंडवाला एक बटण जरासं फिरवतो आणि तेच "हॅलो" एकदम मोठं होतं, कुठून तरी लांबून परत आल्यासारखं घुमतं. बसलेली माणसं मान वर करून बघतात. कार्यक्रम आता खरा सुरू झाला, असं त्या घुमण्यावरून कळतं. कव्वालीचा मुकाबला असो, भीमगीतांचा कार्यक्रम असो, भजनी मंडळ असो की लग्नातला ऑर्केस्ट्रा, एकोशिवाय माईक म्हणजे फोडणीशिवाय वरण, असं मानणारे गायक विदर्भात गावोगाव भेटतील.

आज हा एको नखाएवढ्या चिपमधून येतो. पण एक काळ असा होता, की तो एका जड पेटीतून यायचा. त्या पेटीत मोटर होती, रबराचं चाक होतं, टेपचा पट्टा होता. जे फिरतं ते झिजतं आणि जे झिजतं ते बिघडतं. म्हणून त्या पेटीबरोबर तिचा मेकॅनिकही लागायचा. या पेटीची आणि तिच्या दुखण्यांची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिच्यात एक गमतीचा पेच आहे. ही यंत्रं मुळातच थोडी सदोष होती आणि त्या दोषातच त्यांची गोडी होती. तेव्हा दुरुस्त करायचं ते किती, हा प्रश्न मेकॅनिकपुढे कायमच उभा राहायचा.

आधी निसर्गातला प्रतिध्वनी पाहू. विजापूरचा गोलघुमट शाळेच्या सहलीत अनेकांनी पाहिला असेल. तिथे टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. हिशेब सोपा आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सतरा मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तेवढं अंतर पडलं, की कानाला दोन आवाज वेगळे कळतात. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. पंचेचाळीस अंशांत तो ३५८ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे नागपुरात मे महिन्यात प्रतिध्वनीसुद्धा उन्हाला कंटाळून थोडा लवकर घरी येतो म्हणायचा!

रेडिओला या घुमण्याची गरज पहिल्यापासून होती. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. श्रुतिकेत नेपथ्य नसतं. विहीर, गुहा, देवळाचा गाभारा, सगळं कानानंच दाखवावं लागतं. जगभरच्या रेडिओ आणि रेकॉर्डिंग स्टुडिओंनी त्यावर साधा उपाय शोधला होता. गुळगुळीत भिंतींची एक रिकामी खोली घ्यायची, तिच्यात एका टोकाला लाउडस्पीकर ठेवायचा, दुसऱ्या टोकाला माईक. नटाचा आवाज त्या खोलीतून फिरवून आणायचा. लंडनच्या बीबीसीत १९३०च्या दशकात अशा खास खोल्या होत्या. जिथे खोलीही नव्हती तिथे माणूसच हलवायचा. 'महल' (१९४९) मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या वेळी आपण लांबून गात गात माईकजवळ आलो, ही आठवण लताबाईंनी स्वतः सांगितली आहे. त्या गाण्यातलं दूरचं, ओढ लावणारं वाटणं हे पावलांनी साधलेलं आहे.

पण खोली काही उचलून नेता येत नाही. १९५७ साली जर्मनीत दोन मीटर लांबीचा पोलादी पत्रा चौकटीत टांगून त्याच्या थरथरण्यातून घुमारा काढणारं यंत्र आलं. त्याचं वजन पाव टनाच्या वर. ते स्टुडिओत शोभलं, मंडपात कोण नेणार? स्प्रिंगचा घुमारा त्यामानानं सुटसुटीत. अमेरिकेत हॅमंड यांनी आपल्या ऑर्गनसाठी तो आणला आणि पुढे गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तो गेला. त्याची एकच खोड. पेटीला धक्का लागला, की आत भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज होतो. बैलगाडीच्या रस्त्यानं जाणाऱ्या सामानाला ते परवडणारं नव्हतं.

खरी क्रांती केली टेपनं. टेप रेकॉर्डरमध्ये एक हेड आवाज पट्ट्यावर उतरवतं आणि पुढचं हेड तो वाचतं. दोन हेडांमध्ये बोटभर अंतर असतं. पट्टा सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगानं धावत असेल आणि हेडांमधलं अंतर ३.८ सेंटिमीटर असेल, तर आवाज बरोबर सेकंदाच्या पाचव्या भागानंतर परत येतो. तोच परत आलेला आवाज थोडा कमी करून पुन्हा पहिल्या हेडला दिला, की दुसरा प्रतिध्वनी, मग तिसरा, चौथा. पट्टा संपू नये म्हणून त्याची टोकं जोडून माळ करायची. लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांची 'कॉपीकॅट' नावाची पेटी १९५८ साली बाजारात आली. त्याच सुमारास इटलीच्या 'बिन्सन' कंपनीनं टेपऐवजी फिरतं चुंबकीय चक्र वापरलं. अमेरिकेत 'एकोप्लेक्स' आली.

या सगळ्यांत लोकांच्या तोंडी बसलं ते 'रोलँड' कंपनीचं 'स्पेस एको'. त्याच्या जनकाची गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. इकुतारो काकेहाशी यांचा जन्म १९३०चा. महायुद्ध संपल्यावर, अजून मिसरूड फुटत होतं तेव्हा, त्यांनी घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान टाकलं. मग रेडिओ दुरुस्त करू लागले. पुढे क्षयरोगानं गाठलं आणि काही वर्षं इस्पितळात काढावी लागली. तिथेही पलंगावर बसून हा माणूस रुग्णांचे आणि कर्मचाऱ्यांचे रेडिओ नीट करून द्यायचा. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवं असलेलं औषध मिळालं आणि ते वाचले. १९५४मध्ये त्यांनी ओसाकात रेडिओचं दुकान काढलं आणि १९७२मध्ये 'रोलँड' कंपनी. १९७४ साली त्यांची 'आरई-२०१' ही पेटी आली आणि १९९०पर्यंत ती बनत राहिली. २०१७ साली काकेहाशी गेले.

ही पेटी उघडली, की तिचा बनवणारा मुळात मेकॅनिक होता हे लगेच कळतं. पट्ट्याला चकत्याच नाहीत. पाव इंची टेपची माळ एका पारदर्शक झाकणाखाली नुसती सैल पसरलेली असते आणि संथ ओढ्यासारखी वळणं घेत फिरते. ताण नाही, म्हणून पट्टा तुटत नाही. वाचणारी हेडं तीन, बारा जागांवर फिरणारं एक बटण, वर स्प्रिंगचा घुमाराही जोडीला. झाकण सहज निघतं आणि जे झिजणार ते सगळं हाताशी असतं.

आपल्याकडे १९९१च्या आधी अशी परदेशी यंत्रं आणणं सोपं नव्हतं. परवाना, जकात, परकी चलन, सगळीच अडचण. मुंबईच्या स्टुडिओंत आणि बड्या कलावंतांकडे ती पोचली. बाकीच्यांनी डोकं चालवलं. तीन हेडांचा कोणताही स्पूल रेकॉर्डर असेल, तर वाचलेला आवाज परत लिहिणाऱ्या हेडला देऊन एको काढता येतो. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ रोजी जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. त्यानंतरच्या सिनेमाच्या जाहिराती आठवा. चित्रपटाचं नाव घुमत घुमत विरून जायचं. त्या एका घुमण्यानं प्रेक्षक तिकिटाच्या खिडकीशी जायचा. पुढे कॅसेटचा काळ आला आणि 'झंकार'च्या नावाखाली जुन्या गाण्यांवर इतका एको ओतला गेला, की मूळ गाणं त्यात शोधावं लागायचं. माझं मत विचाराल तर तो एकोचा अपमान होता. मीठ चवीपुरतं असावं.

आता दुखण्यांकडे वळू. पहिलं दुखणं नागपूरचं हवामान. मे २०१३मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४मध्ये तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मागाहून हवामान खात्यानं सांगितलं, की मापकातच दोष होता. म्हणजे ऊन मोजणाऱ्या यंत्राचीही तपासणी करावी लागते, तर गाण्याच्या पेटीची काय कथा! अशा यंत्रात जे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात, त्यांच्या आत ओलसर द्रव्य असतं. दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात पंधरा उन्हाळे काढलेल्या पेटीचे कंडेन्सर सुकलेले असणारच. मग गाण्याखाली एक सततची घूं-घूं ऐकू येते. त्यात आपला लाडका कूलर. त्याच्या दमट झोतासमोर पेटी ठेवली, की पोलादी भागांवर गंज चढतो. आणि पावसाळ्यात टेपला बुरशी.

दुसरं दुखणं प्रवासाचं. झाडीपट्टीची रंगभूमी पाहिली आहे का तुम्ही? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तिचा मुलूख आणि वडसा हे तिचं ठाणं. धान निघालं, भाऊबीज झाली, मंडई भरू लागली की नाटकं सुरू होतात आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. रात्रभर नाटक, सकाळी सामान गाडीत, संध्याकाळी दुसरं गाव. असा हंगाम काढणाऱ्या कुठल्याही साउंड सिस्टिमला धूळ, दव आणि खड्डे चुकत नाहीत. धक्क्यांनी डाग सुटतात. वरून डाग दिसायला शाबूत असतो, आत केसाएवढी चीर असते. यंत्र टेबलावर ठीक चालतं आणि मंडपात बंद पडतं. असा दोष शोधायला मीटर कामाचा नाही. जुने मेकॅनिक लाकडी काडीनं एकेक भागाला हळूच टोचत जातात. गरम झाल्यावरच बिघडणारा दोष असेल, तर संशयित भागावर स्पिरिटचा बोळा टेकवतात. भाग थंड झाला आणि आवाज परत आला, की चोर सापडला.

दोष शोधण्यालाही एक क्रम आहे आणि तो वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखा आहे. आधी बघायचं, मग वास घ्यायचा, मग ऐकायचं, मीटर सगळ्यांत शेवटी. सरळ आवाज येतो, पण एको येत नाही? म्हणजे माईकपासून स्पीकरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, गडबड टेपच्या गल्लीत आहे. पट्टा फिरतो का? फिरत असेल, तर हेडावर टेपची तपकिरी भुकटी साचली असेल. कापसाला स्पिरिट लावून पुसलं की अर्धे रुग्ण तिथेच बरे होतात. एको येतो पण थरथरतो? पट्टा ओढणारं रबरी चाक टणक झालं असेल. मागची गाणी आताच्या गाण्यात भुतासारखी ऐकू येतात? पुसणारं हेड काम करत नाही. आणि दोष कुठे आहे ते काहीच कळत नसेल, तर रस्त्याच्या बरोबर मध्यावर आवाज तपासायचा. तिथे ठीक असेल, तर पुढचा अर्धा भाग संशयित, नसेल तर मागचा. मग त्याचाही अर्धा. सहा-सात पायऱ्यांत शंभर भागांतला एक हाती लागतो.

काही वेळा दोष यंत्रात नसतोच. अमेरिकेहून आलेल्या पेटीला आपण ट्रान्सफॉर्मर लावून ११७ व्होल्ट देतो. पण तिथल्या विजेची कंपनं सेकंदाला साठ, आपल्याकडे पन्नास. ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, कंपनं नाही. जुन्या 'एकोप्लेक्स'ची मोटर त्या कंपनांच्या तालावर फिरते, म्हणून इथे ती सहातली पाच पावलंच चालते आणि प्रतिध्वनी सव्वापटीच्या जवळ लांबतो. मेकॅनिकनं सगळे भाग बदलले तरी ताल जमणार नाही.

आणि आता तो पेच. टेपवरून आवाज एकदा फिरला, की त्यातली धार थोडी बोथट होते. दुसऱ्यांदा आणखी. पाचवा प्रतिध्वनी मऊ, धूसर होऊन विरतो, डोंगरातल्या हाकेसारखा. पट्टा किंचित हेलकावतो, म्हणून सूर अगदी बारीक झुलतो. कागदावर हे दोन्ही दोषच आहेत. हौशी मेकॅनिक नवा कोरा पट्टा घालतो, जुने सगळे कंडेन्सर उपटतो, आतल्या लहान स्क्रूंवर कारखान्यानं लावलेले लाखेचे ठिपके फोडून ते फिरवतो आणि पेटी लख्ख करून देतो. गायक दोन ओळी म्हणतो आणि त्याचा चेहरा उतरतो. आवाज स्वच्छ असतो, पण त्याचा नसतो. जाणता मेकॅनिक तसं करत नाही. विजेच्या भागातलं काहीही जुनं ठेवायचं नाही, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. घूं-घूं आणि खरखर घालवायची. रबर बदलायचं. पण जे मुळातच मऊ आहे ते मऊ राहू द्यायचं, आणि लाखेच्या ठिपक्याला हात लावण्याआधी तीनदा विचार करायचा. हे कुठल्या माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं. ते त्या गायकाला आधी ऐकलेलं असेल तरच कळतं.

टेपनंतरची पिढी चिपची. १९६९ साली फिलिप्स कंपनीत सँगस्टर आणि टीर यांनी एक युक्ती काढली. स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली पुढे देतात ना, तशी विजेची घमेली एकाकडून दुसऱ्याकडे सरकवायची. रांग जितकी लांब, तितका आवाज उशिरा पोचतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या 'एमएन-३००५' या चिपमध्ये अशी ४०९६ घरं होती. घमेल्यातून थोडं सांडतं, तसा इथेही प्रत्येक घरात आवाजाचा कण सांडतो. पुन्हा तीच मऊ गोडी. ही चिप बनणं बंद झालं आणि बाजारात नकली आल्या. जुन्याच एखाद्या चिपचा माथा घासून त्यावर नवं नाव छापलेलं. त्यानंतर तैवानची 'पीटी-२३९९' ही डिजिटल चिप आली. स्वस्तातल्या कराओकेत आणि कितीतरी लहान एको मिक्सरांत ती बसली. ती इतकी स्वस्त, की बिघडली तर सगळी पट्टीच बदलतात. दुरुस्तीची मजुरी नव्या पट्टीपेक्षा जास्त होते. मेकॅनिकची मुलं या धंद्यात का येत नाहीत, याचं उत्तर इथेच आहे.

याची झळ कुठे लागते, ते सांगतो. कॅसेटच्या काळात विदर्भात कव्वाल, शाहीर, भजनी मंडळं, दंडारवाले यांचे आवाज गावोगाव टेपवर उतरले. त्यातले कित्येक गायक आज नाहीत. त्यांचा एको त्या आवाजात कायमचा मिसळलेला आहे, दुधातल्या साखरेसारखा. ती कॅसेट आज संगणकावर घ्यायची, तर वाचणारं हेड पट्ट्याशी काटकोनात हवं, मोटरचा वेग बरोबर हवा. हेड केसभर तिरकं असेल तर शब्द बोबडे होतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, जुनं रेकॉर्डिंगच वाईट. ते हेड कानानं सरळ करणारे हात कमी होत चालले आहेत. इकडे रोलँडच्याच 'बॉस' या शाखेनं २०२२मध्ये 'आरई-२०२' नावाची डिजिटल पेटी काढली. तिच्यात टेप नाही, मोटर नाही. पण टेप नवी हवी की जुनी, हे निवडायची सोय आहे, आणि सूर किती झुलवायचा त्याचं वेगळं बटण आहे. ज्याला आयुष्यभर दोष म्हटलं, तो आता पैसे देऊन मिळतो.

तुमच्या मंडळाच्या कोठीत, एखाद्या काकांच्या माळ्यावर अशी पेटी पडलेली असेल, तर तिला थेट बोर्डात लावू नका. जुन्या वॉल्व्हच्या पेट्यांत तर प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात, तेव्हा झाकणही उघडू नका. आधी कागदावर लिहून ठेवा, कुठलं बटण कुठल्या खुणेवर आहे. शेवटचा गायक ती तशीच ठेवून गेलेला असतो. मग ती जाणत्या मेकॅनिककडे न्या. तो पेटी सिरीज बोर्डावर लावेल, म्हणजे वाटेत शंभर वॅटचा एक पिवळा बल्ब असेल. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. एकदा चमकून मंद झाला, तर वीज नीट पोचते आहे. मग पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. पट्टा हलतो का ते बघायचं.